पहिल्या गोळीआधीचे ४६ दिवस

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या रक्ततपासण्यांचा रिपोर्ट आणायला मी एका खाजगी हॉस्पिटलात एकटीच गेले होते. काउंटरवरच्या मुलीने पाकीट हातात दिलं नाही. ‘सरांनी आत बोलावलंय,’ एवढंच म्हणाली. आत गेल्यावर सर्जननी कागद माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. साखर ठीक, एचआयव्ही निगेटिव्ह, एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी निगेटिव्ह, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह.

‘हिपॅटायटिस सी आहे. लिव्हरचा व्हायरस. ऑपरेशन सध्या थांबवू. करायचंच म्हणालात तर वेगळं किट लागेल, आठ-दहा हजार वाढतील.’ पुढचा पेशंट दारात उभा होता. मी ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर आले. तपासण्यांचे १,८५० रुपये आधीच भरलेले होते, ते पाकीट पर्समध्ये खाली, रुमालाच्या आड ठेवलं. का लपवलं, ते आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून पहिली गोळी घेईपर्यंत ४६ दिवस गेले. औषधाचे १२ आठवडे त्यामानाने सरळ गेले. मला जे सांगायचंय ते मुख्यतः या ४६ दिवसांबद्दल, कारण माणूस उपचारातून गळतो तो इथेच. रात्री दोन वाजता मोबाइलवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय’ असं शोधत बसलेल्या कोणालातरी हे सापडावं, म्हणून लिहितेय.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर माझा चहाचा कप वेगळा काढला. कोणी सांगितलं नव्हतं. रात्री मिस्टरांना रिपोर्ट दाखवला. ते वाचून म्हणाले, ‘म्हणजे पांढरी कावीळ ना?’ आमच्याकडे बी आणि सी दोन्हींना पांढरी कावीळच म्हणतात, आणि ती झालेल्या माणसाचं पुढे काय होतं याच्या गावात ज्या गोष्टी ऐकलेल्या असतात, त्यातली एकही चांगली नसते. पण मला ना कधी डोळे पिवळे झाले, ना ताप, ना काही. थकवा होता, तो मी वयावर आणि पतसंस्थेतल्या मार्चएंडवर ढकलत आले होते.

तीन दिवसांनी तालुक्यातल्याच एका फिजिशियनकडे गेलो. फी ६०० रुपये. त्यांनी पहिल्यांदा शांतपणे समजावलं. ही चाचणी अँटीबॉडीची. व्हायरस कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ती सांगते. शंभरातल्या साधारण तीस जणांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांतच आपोआप निघून जातो, तरीही अँटीबॉडी रक्तात राहतात. व्हायरस आत्ता आहे का, हे कळायला ‘व्हायरल लोड’ म्हणजे एचसीव्ही आरएनए तपासावा लागतो. खाजगीत त्याचे ४,५०० सांगितले, आणि लोड निघालाच तर औषधाचे महिन्याला साडेअकरा हजार, असे तीन महिने. मी मनात बेरीज करत होते तेवढ्यात तेच म्हणाले, ‘ताई, हे सगळं सिव्हिलला फुकट होतं. औषध तेच असतं. चिठ्ठी देतो.’

त्या डॉक्टरांचं मी नाव लिहीत नाही, पण मनात रोज घेते. त्यांना त्यात काही मिळायचं नव्हतं.

त्यांनीच विचारलं, ‘कधी रक्त चढवलंय?’ चढवलं होतं. १९९८ साली, मोठ्याच्या बाळंतपणात, दोन बाटल्या. रक्तस्राव थांबत नव्हता. त्या रक्तानेच मी वाचले. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला, पण दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती २००१ च्या सुमारास. म्हणजे माझ्या दोन बाटल्या मधल्या काळातल्या. डॉक्टर म्हणाले, तेच कारण असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. लहानपणी एकच सुई उकळून सगळ्यांना टोचायचे, गोंदवून घेणं असतं, दाताची कामं असतात. पण २००१ च्या आधी ज्यांनी रक्त घेतलंय त्यांनी एकदा ही तपासणी करून घ्यावीच. तुमच्या आईला, मावशीला विचारा. बाळंतपणात रक्त चढवल्याचं बायका सांगत नाहीत, कारण कोणी विचारत नाही.

१२ ऑगस्टला सोमवारी मी सिव्हिलला गेले. आमच्या गावापासून जिल्ह्याचं ठिकाण ४६ किलोमीटर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट, ते ३५ रुपये. केस पेपरला पैसे पडले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ते बंदच झालेत. पण त्या दिवशी काम काहीच झालं नाही. खिडकीवर ‘लिव्हरचं आहे’ म्हणाले म्हणून मेडिसिन ओपीडीला पाठवलं. तिथे दीड तास रांग. तिथून ‘आयसीटीसीत विचारा’, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी-समुपदेशन केंद्रात. तिथल्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र मागच्या इमारतीत, पण त्याची ओपीडी मंगळवार आणि शुक्रवार.’ मागच्या इमारतीत जाऊन पाहिलं. दाराला कुलूप, दारावर पिवळा बोर्ड.

मी त्या बाकावर बसून रडले. एक मामा झाडू मारत होते, ते न विचारता पाण्याची बाटली ठेवून गेले.

आता मला जे माहीत आहे ते त्या दिवशी माहीत असतं तर ती फेरी वाचली असती. खिडकीवर ‘लिव्हर’ म्हणू नका, ‘कावीळ’ही म्हणू नका. ‘राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचं उपचार केंद्र कुठे आहे’ असं विचारा. २८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनाला हा कार्यक्रम देशभर सुरू झाला, आणि त्यात बी आणि सी या दोन्हींच्या तपासण्या व औषधं मोफत आहेत. सगळ्या कर्मचाऱ्यांना हे नाव माहीत असेलच असं नाही. अशा वेळी चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या आणि दाखवा. आणि ओपीडीचे वार आधी फोनवर किंवा कोणाकडून तरी विचारून घ्या. जिल्ह्याजिल्ह्याला ते वेगळे असतात.

१६ तारखेला शुक्रवारी परत गेले. दार उघडं होतं. आत एक डॉक्टर मॅडम, एक सिस्टर आणि नोंदणीला एक मुलगा. गर्दी जास्त नव्हती, बारा-पंधरा जण असतील. माझ्या शेजारी एक विशी-बाविशीचा मुलगा होता, त्याच्या पलीकडे डायलिसिसवरचे एक आजोबा, एक गरोदर बाई. मी कुठलं चित्र डोक्यात घेऊन गेले होते कोण जाणे. ती सगळी आपल्यासारखीच माणसं होती.

मॅडमनी बोट टोचून परत एकदा तपासणी केली, वीसेक मिनिटांत परत तेच. मग रक्तपेशींची सीबीसी, लिव्हरच्या तपासण्या, किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्त गोठण्यासाठी आयएनआर, एचआयव्ही आणि एचबीएसएजी यांसाठी रक्त घेतलं. बी ची तपासणी माझी झालेली होती तरी परत केली. मी कारण विचारलं. सी चं औषध चालू असताना शरीरात दबून बसलेली बी उसळू शकते, म्हणून ती आहे की नाही हे आधी माहीत लागतं. सोनोग्राफी त्याच दिवशी झाली, कारण मी उपाशीपोटी गेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी काहीही न खाता जा आणि डबा पिशवीत ठेवा. माझ्यानंतरच्या काकूंना सोनोग्राफीसाठी मंगळवारची तारीख मिळाली, फक्त सकाळी पोहे खाल्ले म्हणून.

व्हायरल लोडचं रक्त मात्र तेव्हा मंगळवारीच घ्यायचे, कारण त्या दिवशी गाडी नमुने घेऊन मेडिकल कॉलेजच्या लॅबला जायची. काही जिल्ह्यांत हे टीबीच्या तपासणीच्या ट्रूनॅट मशीनवर तिथल्या तिथे होतं, आमच्याकडे बाहेर जायचं. म्हणून २० ऑगस्टला तिसरी फेरी. ‘दहा दिवसांनी या.’

ते दहा दिवस सगळ्यांत वाईट. मी घरात माझं ताटही वेगळं केलं होतं. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या लक्षात आलं. ‘तुझं काय बिनसलंय? माझ्या पंगतीला का बसत नाहीस?’ मी अॅसिडिटीचं निमित्त सांगितलं. नातेवाइकांपैकी एकांना मिस्टरांकडून कळलं, त्यांनी काविळीवर झाडपाल्याचं औषध देणाऱ्या माणसाचा पत्ता पाठवला, वर दोन वेळा फोन. मी गेले नाही. पुढे मॅडमना विचारलं तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, उपचार संपेपर्यंत काढा, चूर्ण, भस्म काहीही नको. लिव्हर आधीच सुजलेलं असतं, आणि त्यात काय घातलंय ते आपल्याला माहीत नसतं.

३० ऑगस्टला मिस्टरांना बरोबर नेलं. त्यांची चाचणी तिथेच केली, निगेटिव्ह आली. माझा रिपोर्ट आलेला नव्हता. ‘पुढच्या शुक्रवारी बघा.’ ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, गेले. नोंदणीच्या मुलाने कॉम्प्युटरवर शोधलं, मग लॅबला फोन लावला. माझा नमुना तपासलाच गेला नव्हता. नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळत नव्हतं म्हणून त्यांनी तो बाद केला होता.

झालं होतं असं. माझ्या आधार कार्डावर लग्नानंतरचं पूर्ण नाव आहे. खाजगी रिपोर्टवर मी घाईत फक्त नाव-आडनाव सांगितलं होतं. केस पेपरवर खिडकीवाल्याने तेच उतरवलं, नोंदणी आधारवरून झाली आणि नळीला चिठ्ठी लागली केस पेपरवरून. चूक कोणा एकाची नव्हती. पण मधल्या १७ दिवसांत ती मला कोणी सांगितली नाही याचा राग आला, आणि तो मी बोलून दाखवला. आवाज चढला माझा. सिस्टरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘ताई, तुमचं बरोबर आहे. मंगळवारी या, मी स्वतः नळीवर नाव लिहिते.’

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी इथे फार जपायला हवं. पहिल्या केस पेपरपासून शेवटच्या रिपोर्टपर्यंत आधारवरचं नाव, तसंच्या तसं, मधल्या नावासकट. रक्त देताना नळीवरचं नाव स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर सिस्टरना मोठ्याने वाचायला सांगा. आणि नमुन्याचा नंबर आपल्या कागदावर लिहून घ्या, म्हणजे पाच-सहा दिवसांनी फोनवर ‘हा नंबर लॅबला पोचला का’ एवढं तरी विचारता येतं. मी हे केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

मंगळवार म्हणजे १० सप्टेंबर. गौरी यायचा दिवस. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न होता. शिवाय लेक पुण्याहून गणपतीला आलेली. तिचा जन्म २००२ चा. माझ्या अंगात तेव्हा व्हायरस असेल, तर आईकडून बाळाला तो जाण्याची शक्यता शंभरात पाच-सहा असते, हे मॅडमनी सांगितलेलं मी तीन आठवडे छातीवर दगड ठेवून बाळगत होते. आदल्या रात्री तिच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तिने मध्येच थांबवून विचारलं, ‘आई, तू महिनाभर एकटी जातेयस?’ मग म्हणाली, ‘उद्या दोघी जाऊ.’ सासूबाईंनाही तिनेच सांगितलं, मला जमलं नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘गौरी संध्याकाळी आणता येतात. आधी जाऊन या.’

सिव्हिलमध्ये लेकीच्या बोटाला टोचलं आणि ती वीस मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. निगेटिव्ह. माझं रक्त देऊन झाल्यावर समुपदेशक ताईंनी आम्हा दोघींना बसवलं. मी कप-ताट वेगळं केल्याचं लेकीने सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकाच बाथरूमने हा पसरत नाही. रक्तातून रक्तात जातो. म्हणून ब्रश, ब्लेड, नेलकटर वेगळं ठेवा, जखम झाकून ठेवा, बाकी काही नको. त्या संध्याकाळी गौरी आणल्या, आणि रात्री पाच आठवड्यांनी मी सासूबाईंच्या शेजारी पंगतीला बसले.

२० सप्टेंबरला शुक्रवारी रिपोर्ट आला होता. व्हायरल लोड ८ लाख ४० हजार. तो आकडा बघून पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या, आकडा लाखात असो की कोटीत, औषध तेच आणि तेवढेच दिवस. उपचार ठरतो तो लिव्हर किती कडक झालंय त्यावर. त्यासाठी त्यांनी माझ्यासमोर कागदावर हिशोब मांडला. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) ६२, लॅबची वरची मर्यादा ४०, प्लेटलेट एक लाख नव्वद हजार. त्यातून ‘एप्री’ नावाचा आकडा निघतो, तो ०.८२ आला. २ किंवा त्याच्या वर असता तर सिरोसिसचा, म्हणजे लिव्हर फार कडक झाल्याचा संशय. वय धरून आणखी एक हिशोब असतो, ‘फिब-४’, तो १.७४. त्याची धोक्याची रेषा ३.२५. सोनोग्राफीतही लिव्हरचं बाकी काही नव्हतं, फक्त माझे जुने खडे. म्हणजे सिरोसिस नाही. म्हणजे सोफोस्बुव्हिर ४०० आणि डॅक्लाटासव्हिर ६०, रोज एकेक, १२ आठवडे. सिरोसिस असलेल्यांना सोफोस्बुव्हिरबरोबर वेल्पाटासव्हिर देतात, आणि ज्यांच्या पोटात पाणी झालंय किंवा लिव्हर फारच थकलंय त्यांना मोठ्या केंद्राकडे पाठवतात.

मग चालू औषधांची चौकशी. फिट्सच्या गोळ्या? टीबीचं रिफॅम्पिसिन? हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन? यातली काही या औषधाचा असर घालवतात, अमिओडॅरोनने तर ठोके धोकादायक मंदावू शकतात. मी ‘काही नाही’ म्हणाले आणि मग आठवलं, खड्यांच्या दुखण्यासाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी घेत होते. माझ्या दोन गोळ्यांबरोबर ते चाललं, पण वेल्पाटासव्हिर असतं तर ती गोळी त्याचं शोषण कमी करते, असं त्या म्हणाल्या. घरातली सगळी पाकिटं, अगदी अॅसिडिटीचीसुद्धा, पिशवीत घालून न्या. आठवणीवर विसंबू नका.

दुपारी पावणेतीनला औषध खिडकीतून दोन बाटल्या मिळाल्या. प्रत्येकीत २८ गोळ्या. हिरवं कार्ड, त्यावर माझा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. एक पैसा नाही. एसटीत मी त्या बाटल्या मांडीवर घेऊन बसले. सोफोस्बुव्हिर २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती, १२ आठवड्यांचे ८४,००० डॉलर. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती, सहा महिने ते वर्षभर दर आठवड्याला एक, ताप, अंगदुखी, केस गळणं, उदासी, आणि एवढं सोसूनही बऱ्याच जणांचा आजार जायचा नाही. मला दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी काय केलं असतं, हा विचार त्या बसमध्ये कितीतरी वेळ गेला नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार, सकाळी आठ. पहिल्या दोन गोळ्या.

औषधाच्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पहिले दहा-बारा दिवस डोकं जड राहायचं, दुपारी झोप यायची, भरपूर पाणी प्यायल्यावर बरं वाटायचं. नंतर तेही गेलं. पतसंस्थेतली सुट्टी मी यासाठी एकही घेतली नाही. रोज आठचा गजर, आणि गोळी घेतली की बाटलीवर नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली. एक दिवस, दिवाळीच्या गडबडीत, दुपारी बारा वाजता फुली नसल्याचं सासूबाईंच्या लक्षात आलं. लगेच घेतली. अशा वेळी त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, असं सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं.

कॅलेंडरचा दुसरा उपयोग सिस्टरनीच शिकवला. १८ ऑक्टोबरला शुक्रवारी पहिल्या बाटल्या संपल्या तेव्हा मी दुसऱ्या घ्यायला गेले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. पुढच्या संपणार १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी, म्हणजे ओपीडीच्याच दिवशी. मी खूश. त्या म्हणाल्या, ‘त्या दिवशी गुरुनानक जयंती आहे, सुट्टी. नंतर निवडणुकीची गडबड. तुम्ही १२ तारखेला मंगळवारीच या.’ नाहीतर माझे चार दिवस औषधाविना गेले असते. तुम्हाला अशा सिस्टर भेटतीलच असं नाही, म्हणून बाटली हातात आली की त्याच क्षणी ती संपायची तारीख काढा आणि त्याच्या आधीचा ओपीडीचा वार गाठा.

१३ डिसेंबरला ८४ वा दिवस. त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रक्त दिलं, कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का आला. एसजीओटी ६२ वरून २७ वर आलं होतं. मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं. बरं झालं की नाही हे गोळ्या थांबल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड परत तपासूनच कळतं. या टप्प्यावर पुष्कळ लोक येतच नाहीत, असं नोंदणीचा मुलगा सांगत होता. बरं वाटतंय, मग पुन्हा भाडं कशाला घालवायचं. मी ७ मार्च २०२५ ही तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये घातली.

तोपर्यंत एसटीची भाडेवाढ झाली होती, अर्धं तिकीट ४० ला गेलं. या सगळ्या आठ महिन्यांत १२ फेऱ्या झाल्या, माझ्या एकटीच्या तिकिटांचे ८६० रुपये. झेरॉक्स, स्टँडवरचा चहा, डबा नेला नाही त्या दिवसाची मिसळ धरून दीड हजाराच्या आत. आणि पहिल्या गोळीआधीच्या सात फेऱ्यांसाठी सात रजा, त्यातल्या दोन बिनपगारी. रोजंदारीवरच्या बाईला त्या सात दिवसांचं मोल किती, ते मी तिथल्या बाकावर रोज बघत होते. औषध फुकट आहे हे खरं. पण फेऱ्या कमी झाल्या, रक्त एकाच दिवशी सगळं घेतलं, वारांचा बोर्ड पुढच्या खिडकीवर लागला, तर कितीतरी जणी मध्येच सोडणार नाहीत. हे मी तिथल्या सूचनापेटीत लिहूनही टाकलं, नाव घालून.

७ मार्चला रक्त दिलं. नळीवरचं नाव वाचलं, नंबर लिहून घेतला. २१ मार्चला शुक्रवारी रिपोर्ट. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड.’ म्हणजे व्हायरस सापडला नाही. मॅडमनी तो वाचून दाखवला आणि खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त बरे होतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मला उभं राहवेना. बाहेर मिस्टर उभे होते. त्यांना रिपोर्ट दिला, त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवला.

निघताना मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या. याची लस नाही आणि एकदा बरं झाल्यावर परत होऊ शकतो, तेव्हा सुई-ब्लेडची काळजी जन्मभर. रक्तदान आता करता येणार नाही. आणि अँटीबॉडीची चाचणी यापुढेही रिअ‍ॅक्टिव्हच येणार, कुठेही, कधीही. घाबरायचं नाही, हा रिपोर्ट दाखवायचा. मी त्याच दिवशी त्याच्या पाच झेरॉक्स काढल्या, एक फोटो लेकीला पाठवला.

खड्यांचं ऑपरेशन मी मग सिव्हिललाच केलं. तिथल्या सर्जनना मी विचारलं, उपचार चालू असताना ते करता आलं नसतं का? ते म्हणाले, आलं असतं. हातमोजे, निर्जंतुक अवजारं, सुयांची विल्हेवाट ही काळजी प्रत्येक पेशंटसाठी सारखीच घ्यायची असते, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे रिपोर्टवरूनही नेहमी कळत नाही. वेगळ्या किटचे पैसे मागितलेले मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

भरती झाले २२ एप्रिलला. वॉर्डातली नवीन, कोवळी सिस्टर सकाळचे रिपोर्ट घेऊन आली, माझ्या खाटेपाशी थांबली, इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, ‘काकू, तुमचं एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आलंय. घरचं कोणी आहे का बरोबर?’ मी उशीखालची फाइल काढून वरचा कागद तिच्या हातात दिला. ‘बाळा, मोठ्याने वाच,’ म्हटलं, ‘शेजारच्या ताईंनाही ऐकू दे.’